चौधरींच्या शेतातले आमचे वाफे

मोकळ्या जमिनीवर तण जसं कुणी न पेरता उगवतं, तसे आमच्या वाफ्यांवर किस्से उगवतात. भाजी कमी आणि किस्से जास्त, असाच हिशेब असतो आमचा.

आम्ही द्वारकेत राहतो. तिथून नजफगढच्या बाजूला निघालं की चौधरीजींचं शेत लागतं. त्यांनी शेताचे छोटे तुकडे पाडून आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांना भाड्याने दिलेत. आम्ही तीन मराठी घरं शेजारी शेजारी वाफे करतो. सप्टेंबर सरता सरता ऊन जरा नरमलं की भेंडीची झाडं, दोडक्याचे वेल काढायचे आणि मेथी, मुळा, पालक पेरायचा. खरी गर्दी तेव्हाच असते.

* * *

पहिल्या वर्षी, जूनमध्येच, प्रशांत, म्हणजे माझा नवरा, चौधरीजींना म्हणाला, "सीताफल लगाना है।"

अमरावतीकडच्या माणसाला सीताफळाची आठवण येणारच. चौधरीजींनी मूठभर बिया दिल्या. प्रशांतने झाडासाठी खणतात तसा हातभर खड्डा खणला, शेणखत घातलं, आधाराला बांबूही रोवला. पण झाड काही दिसेना. नुसता एक वेल फोफावला. हा बिचारा दर रविवारी वेल बाजूला सारून त्याखाली आपलं रोप शोधायचा.

सप्टेंबरात पानांखाली मडक्याएवढं काहीतरी सापडलं. चौधरीजी म्हणाले, "लो जी, आपका सीताफल।"

दिल्लीत लाल भोपळ्याला सीताफल म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. प्रशांतने तरीही फोटो काढून 'आपलं पहिलं सीताफळ' म्हणून सासूबाईंना पाठवला. त्यांचा लगेच मेसेज आला, "भोपळा छान आहे. सीताफळ कुठंय?"

* * *

आमची अन्वी दिल्लीतच वाढली. घरात मराठी बोलते, पण भाज्यांची नावं आली की अडखळते. एकदा मी तिला म्हटलं, "चौधरीणबाईंना सांग, आईला थोडी गवार हवीय."

ती पळत गेली आणि म्हणाली, "आंटी, मम्मी को गँवार चाहिए।"

चौधरीणबाईंनी क्षणभर विचार केला. मग खाटेवर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "घर में तो एक ही है बेटा, ले जा।"

* * *

मागच्या वर्षी एका शनिवारी ऑफिसची ऑनलाइन मीटिंग होती. मी बांधावर बसून ऐकत होते. आमच्या साहेबांनी एक नवीन प्रपोजल मांडलं. कुणालाच पटलं नव्हतं, पण सगळे गप्प. साहेबांनी विचारलं, "एनी ऑब्जेक्शन?"

मी माइक बंद करायला विसरले होते, आणि तेवढ्यात मागच्या किकरावरचा, म्हणजे बाभळीवरचा, मोर ओरडला. लांब, कळवळून, तीनदा.

साहेब म्हणाले, "ठीक है, इसे नेक्स्ट वीक देखते हैं।"

* * *

नसरीन परभणीची, आमच्या ओळखीतली. करोल बागेजवळ खोली घेऊन यूपीएससीची तयारी करते. मेन्स देऊन झाली होती, निकालाला अवकाश होता आणि खोलीत बसवत नव्हतं. म्हणून ती रविवारी मेट्रोने आमच्याकडे यायची, आणि मग आमच्याबरोबर शेतावर.

मुळा दाट उगवला होता. मी तिला विरळणी करायला बसवलं. म्हटलं, दोन रोपांत चार बोटं अंतर ठेव, मधली उपटून टाक. ती बराच वेळ नुसतीच बघत बसली.

"काय झालं गं?"

"ताई, कट-ऑफ काय लावायचा? सगळी सारखीच दिसतायत."

शेवटी तिने केली विरळणी. पण उपटलेलं एकही रोप टाकलं नाही. सगळी धुऊन पिशवीत भरली आणि खोलीवर नेली. रात्री तिचा मेसेज आला, "बाद झालेल्यांची भाजी फार कोवळी झाली. रूममेट अजून मागतायत."

* * *

आमच्या शेजारचा वाफा मेश्राम काकूंचा. काका इथल्याच एका केंद्रीय मंत्रालयातून रिटायर झालेले. ते फक्त खुर्ची टाकून बसायचे. कधी भाजीचा विषय निघाला की म्हणायचे, "मी काहीही खातो. फक्त शेपू माझ्या घरात येत नाही. चाळीस वर्षांत आला नाही."

काकू मान खाली घालून निंदत राहायच्या.

यंदा मार्चमध्ये काकू गेल्या. उन्हाळाभर त्या वाफ्याकडे कुणी बघितलं नाही. आम्हाला वाटलं, काका आता सोडणार. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ते आले. हातात बिस्किटांचा जुना डबा, त्यात कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या. प्रत्येक पुडीवर काकूंचं अक्षर. 'मेथी.' 'पालक.' 'धणे, माहेरचे.'

एका पुडीवर लिहिलं होतं, 'यांना सांगू नये.'

काकांनी ती मला वाचायला दिली. मग परत घेतली आणि म्हणाले, "हीसुद्धा पेरू."

मी ओळी आखून दिल्या. बी त्यांनी स्वतः टाकलं, गुडघे टेकून.

तीन-चार आठवड्यांनी तिथे हिरवी, केसांसारखी बारीक पानं डुलायला लागली. वाऱ्याबरोबर वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. शेपू.

काकांनी एक काडी खुडली, बोटांत चुरडली, नाकाशी नेली. मग तोंडात टाकून सावकाश चावली.

"अरे," ते म्हणाले, "ही तर बुधवारची भाजी. मुगाची डाळ घालून करायची ती. मी दोनदा मागून घ्यायचो."

ते माझ्याकडे वळले.

"हिला म्हणतात तरी काय गं?"

"नाव आठवत नाही, काका," मी म्हटलं.