तिच्या आधीच झालेला करार

त्या सकाळी मी वर्गात एक जुनी इंग्रजी भयकादंबरी शिकवीत होते. ती लिहिणारी स्त्री तेव्हा माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची होती. कथेतला शास्त्रज्ञ प्रेतांच्या अवयवांतून एक पुरुष घडवतो आणि तो डोळे उघडताच त्याला टाकून पळतो. पुढे तो एकाकी जीव त्याच्याकडे आपल्यासारखी स्त्री मागतो. तिला घेऊन माणसांपासून दूर जाईन, असे वचन देतो. ती अर्धी घडलेली असताना शास्त्रज्ञ थबकतो. हा करार तिच्या जन्माआधीचा. तिने तो मानलाच नाही तर? त्या शंकेपायी तो तिला फाडून टाकतो.

"मॅडम, त्याला घाबरून नुसता पळाला," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "हिला तर डोळेपण उघडू दिले नाहीत."

मी पुस्तक मिटले.

दुपारी दादाने माहेरी जेवायला बोलावले होते. खाडीकाठचे आमचे गाव आता इमारतींच्या कुशीत दडले आहे, तरी गल्लीत शिरताच सुकत्या बोंबलांचा खारट वास अंगाला बिलगतो. आई जमिनीवर बसून कोलंबी सोलत होती. टेबलावर हक्कसोडपत्र होते. नवे शहर वसवताना सरकारने आमची भातशेती घेतली. तिच्या बदल्यात, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के, असा भूखंड वडिलांच्या नावे मिळाला. वडिलांमागे त्यात आम्हा दोघी बहिणींचाही वाटा होता. बहिणींनी तो सोडायचा आणि माहेर राखायचे, ही आमच्याकडची रीत.

"बाय, उद्या साडेदहाला रजिस्ट्रारकडं ये," दादा म्हणाला. "आधार कार्ड आन."

"दादा, मला विचारलंस कधी?"

"विचारायचा काय त्यात? ताईनं केली सही. ती काय येडी हाय?"

"शिकलेल्यांना सगला वाचायला लागतं," वहिनी भात वाढता वाढता म्हणाली.

"मी बिल्डरला भूखंडाचा शब्द दिलाय," दादाचा आवाज चढला. "बहिनी सह्या देतील, बोललो."

दोन पुरुषांनी ठरवले होते, आणि मी तिथे नव्हते.

आई मान खाली घालूनच बोलली, "मी अंगठा दिला व्हता भावाला. वाचला नाय. भाऊ व्हता तवर साडी आली."

"आणि आता?"

तिने कोलंबीचा काळा दोरा ओढून काढला.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका, कोरडा वाटला.

"मंग गौरी-गनपतीला कुनाच्या घरी येशील?" दादाने विचारले.

हे घर, आईच्या हातांचा हा ओला, समुद्री वास, सारे त्या एका वाक्यात पणाला लागले होते. मी कागद हळूच त्याच्याकडे सरकवला.

दादाने बिल्डरला फोन लावला.

"शेठ, उद्याचा ऱ्हाऊ द्या. कागद तयार हाय. बहीन 'नाय' बोलते." पलीकडून काही विचारले गेले. दादा भिंतीकडे वळला. "नाय," तो हळू म्हणाला, "तिला विचारला नव्हता मी."

त्याने फोन खाली ठेवल्यावर मला कोणी ऊठ म्हटले नाही, जेव म्हटले नाही. तरी मी उठले नाही, माझ्या माहेरीच बसून राहिले.