आक्काचं कुर्रर्र

आमच्यात बाळाचं नाव आत्यानंच ठेवायचं. बाळाच्या कानात तिनं कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि तेवढ्यात बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. माझ्या लेकीची आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. अख्ख्या काकती गावात तिच्याएवढं बोलणारं कुणी नव्हतं, आणि घशाच्या ऑपरेशनात नेमका तिचाच आवाज गेला. बारशाचा विषय निघाला तेव्हा एक काकू म्हणाल्या, "चुलत आत्या हाय की, तिला बसवूया." आक्का उठून मागच्या परड्यात गेली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नाव ठेवंल तर आक्का, न्हायतर बारसंच न्हाय!"

म्हणायला काय जातंय! आक्काच्या फोनवर लिहिलेलं बोलून दाखवणारं एक फुकटातलं ॲप होतं. पण ते 'न्हाय' आणि 'लई'ला अडखळायचं आणि बाकीचं बातम्या दिल्यासारखं बोलायचं. आक्का वैतागून ते बंदच करायची. शोधता शोधता मला कळलं, की या ॲपचा सोर्स कोड सगळ्यांसाठी उघडा आहे, आणि ते लिहिणाऱ्यांनी आपल्याकडच्या बोलीचा नवा आवाज त्यात घातलाय. फक्त तयार ॲप अजून बाहेर आलं नव्हतं. हवं तर कोड उतरवून घ्या आणि स्वतः बिल्ड करा, म्हणजे त्यातनं ॲप आपलं आपणच तयार करा.

बेळगावच्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणजे मुख्यतः प्रिंटरात अडकलेले कागद ओढतो. तरी बसलो. अहाहा, काय ते नखरे! रुसलेले पाहुणे बरे. एका लायब्ररीला, म्हणजे ॲपला लागणाऱ्या आयत्या कोडाच्या गठ्ठ्याला आणावं, तर ती म्हणते अमकी आल्याशिवाय मी येत नाही. अमकीला आणावं तर तिला जुनी नको, नवीच पाहिजे. स्क्रीनभर चुकांचं लालच लाल. त्यात लाइट गेली. चिडून मी त्या डेव्हलपर मंडळींना प्रश्न टाकला, तर उत्तर आलं, "सूचना वाचल्यात का?" वाचल्या नव्हत्या! वाचल्या, आणि बारशाच्या दिवशी सकाळी बिल्ड झालं की हो! मी ओट्यावर नाचलो. आईनं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं.

ॲप आक्काच्या फोनवर चढवलं आणि खात्री करायला म्हणून ठरलेलं नाव टाइप करून बटण दाबलं. गाण्यांसाठी तोच फोन मांडवातल्या स्पीकरला जोडून ठेवलेला, हे माझ्या ध्यानातच नाही. नाव अख्ख्या गल्लीनं ऐकलं. समोरच्या घरातनं कुणीतरी "लई छान!" म्हणून ओरडलं सुद्धा. आईनं कपाळावर हात मारला. "बारशाआधीच नाव फोडलंस व्हय रं, मुडद्या!"

आक्कानं माझ्या हातातनं फोन हिसकावला, काहीतरी लिहिलं, आणि स्पीकर पुन्हा गरजला, "गप बसा. आत्या अजून बोललेली न्हाय."

दुपारी ती पाळण्यापाशी बसली. स्पीकर मी आपल्या हातानं बंद केला होता. तिनं आवाज अगदी बारीक केला आणि फोन लेकीच्या कानाशी नेला. कुर्रर्र झालं. मग नाव आलं, आणि ते सकाळचं नव्हतंच! भलतंच, नवंकोरं, बापालासुद्धा ठाऊक नसलेलं नाव. आता आत्याच्या शब्दापुढं कोण बोलणार? मी तर हसून हसून बेजार.

पण मागं एकही धपाटा पडेना. बायका हात वर करून तशाच उभ्या. आक्काच्या गळ्याभोवती गुंडाळलेल्या रुमालाकडं बघत होत्या. ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळे काचेचं भांडं धरल्यासारखं धरायचे. आक्कानं मान वळवून एकेकीकडं पाहिलं. मग फोनवर लिहिलं आणि आवाज पार वर चढवला.

"हात मोडलं व्हय गं तुमचं? आत्या हाय मी!"

पहिला धपाटा आईनं घातला, चांगला सणसणीत, आणि रडत रडत लगेच दुसरा घातला.