मिरच्यांची धुरी
मिरचीच्या पथारीजवळून रिक्षा गेली, ठसका लागला आणि ती धुरी आठवली. लग्नानंतर नवऱ्याशी संबंध आला की ऐन वेळी माझं डोकं फुटायला यायचं. ‘नाटक करी ऱ्हायनी,’ तो म्हणायचा. सासूने तर बाधा समजून माझ्या नाकाखाली मिरच्या जाळल्या. शेवटी मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासून आधी घ्यायची गोळी दिली. दुखू लागलं तर तिथंच थांबा, म्हणाल्या. मला आराम पडला. पुढे एका दुपारी तेच दुखणं नवऱ्याला झालं. डोकं धरून तो ओरडायला लागला, तशी मी सासूला हाक मारली, ‘आत्याबाई, तुमना पोरले बाधा व्हयनी, मिरच्या आना!’ दवाखान्यात नेलं त्याला, पण पोटभर खोकू दिल्यावर. आज रिक्षातही शेजारी तोच खोकत होता. पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती. तशीच राहू दिली.