सुनीताची बॅटरीवरची गाडी

कुरिअरच्या धंद्यात पार्सलं निघून जातात, किस्से मागे साठतात. त्यात सावेडीतल्या आमच्या ऑफिसला पर्यावरण वाचवायचा हुकूम आला आणि गोडाउनच भरलं!

हुकुमासोबत बॅटरीवरची तीनचाकी आली, ट्रायलवर. टेम्पोवाल्यांनी तोंडं फिरवली, म्हणून ती चालवायला सुनीताला कामावर घेतलं. गाडी टिकली तर तिची नोकरी टिकणार. आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला!

*

पहिल्याच आठवड्यात लाईट गेली. गाडी चार्ज करायला मी जनरेटर लावला. सुनीता धुराकडे बघत राहिली.

"दादा, हा डिझेलवर चालतो ना?"

"हो."

"मग आपन वाचवतोय काय?"

"तू गाडी बघ!" मी म्हटलं. आणि जनरेटरमध्ये आणखी डिझेल ओतलं.

*

मग प्लास्टिक बंद. कापडी पिशवीतून पार्सल द्यायचं, पिशवी परत आणायची. एकही येईना! एका काकांनी पिशवीत बाजरीचं बी भरलेलं. सुनीताने पिशवी मागितली, तर तेच तडकले, "दिल्याली वस्तू माघारी मागती व्हय?"

सुनीता सॉरी म्हणून आली. वर त्यांनी तिला बाजरी दिली, आमच्याच दुसऱ्या पिशवीत!

*

या गाडीला आवाजच नाही. दारात येऊन थांबली तरी कोणाला पत्ता नसायचा. शेवटी सुनीताने जुन्या टेम्पोची घरघर मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि स्पीकरवर लावली. लोक धावत बाहेर!

एक आजोबा मात्र काळजीत पडले. "पोरी, धूर दिसंना. इंजिन दाखवून घे."

*

मग हेड ऑफिसचे साहेब निकाल लावायला आले. ते पुढे सुनीताशेजारी, मी मागे पार्सलांत.

जामखेड रोडच्या एका वस्तीवर काकूंना साडीचं पार्सल दिलं, आणि बॅटरीने मान टाकली. सुनीताचा चेहरा उतरला. काकूंनी चार्जर लावू दिला, चहा ठेवला. साहेब घड्याळ बघत बसले. गेली नोकरी, मला वाटलं.

तेवढ्यात काकू नवी साडी नेसून ओसरीवर आल्या. सासूने बघितलं, जावेने बघितलं, शेजारीण मुद्दाम आली.

"रंग काय उठून दिसत न्हाई," सासू म्हणाली.

काकू आत गेल्या, आणि घडी घातलेली साडी साहेबांच्याच हातात दिली. "रिटर्न घ्या. तुमी हायेच तर."

साहेब ताडकन उठले. "म्हणजे बॅटरी संपली म्हणून रिटर्नची वेगळी फेरी वाचली?"

"व्हय जी," सुनीता घाबरत म्हणाली.

"गाडी पास!" साहेब माझ्याकडे वळले. "फक्त याहून मोठी बॅटरी बसवू नका!"