वायरमनकाकांचं गाऱ्हाणं

वायरमनकाकांनी मालवणात देवापुढे गाऱ्हाणं घातलं, की रेडीच्या बंदरातला खलाशी झोपेत ‘व्हय म्हाराजा’ म्हणे, असा त्यांचा आवाज. मी स्वतः ऐकलेलं नाही. पण त्या खलाशाच्या मेव्हण्याने मला शपथेवर सांगितलंय.

वीजखात्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी एकच वैरी धरला, धूर. त्यांचं घर वाडीत सर्वांत पुढे, खळं म्हणजे अंगण समुद्राला लागून. पुढ्यातल्या सात माडांपैकी तीन लाटांनी नेलेले. “जगाचो धूर वर जाता आणि दर्या माझ्या खळ्यात येता,” ते म्हणत. आम्ही सगळे पर्यटकांना खोल्या देणारे. वीज गेली की दारोदारचे जनरेटर सुरू होत आणि माडावरचे कावळे खोकत.

मी एकदा टोमणा मारला, “काका, आमच्या धा जनरेटरांन दर्या वाढता?”

“दिल्लीच्या जनरेटराचो कान माझ्या हाताक लागना नाय, बाबल्या. तुझो लागता.”

कान धरूनच त्यांनी घराघरावर सोलर आणि बॅटऱ्या बसवून घेतल्या. मग देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या वाडीची भरभराट होव दे, पावण्यांची रीघ लागू दे, आणि जनरेटराचो धूर कायमचो बंद कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही छप्पर हलवलं.

वर्षभर माझ्या जनरेटरवर कोंबडी अंडी उबवत होती. पण विजेचं बिल उतरलं तशी हिंमत चढली. मी एका खोलीत एसी लावला, मग तिन्हींत, मग माडी चढवली. शेजारी काय मागे राहतात? वीज गेली की बॅटऱ्या तासाभरात माना टाकू लागल्या. मी कोंबडीला उठवलं आणि दुप्पट मोठा जनरेटर आणला. ‘सौरऊर्जेवर चालणारे निवास’ ही पाटी मात्र काढली नाही.

काका पायरीवर बसून पेपर मोठ्याने वाचत. “देशात सोलर वाढलो.” पान उलटून, “कोळसोय वाढलो. अख्खो देश आपल्या वाडीसारखो वागता रे.” मग हळूच म्हणाले, “चूक माझी. दोन गोष्टी एका नारळात मागलंय. देवान सोपी ती दिल्यान.”

पुढच्या जत्रेत त्यांनी गाऱ्हाणं दुरुस्त केलं. “मिळाला तां पुरे होव दे. नवी खोली नको, नवो एसी नको. धूर तेवढो बंद कर रे म्हाराजा.”

लोकांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही. काका थांबले. देऊळ भरलेलं, पण पाल चुकचुकली तेवढीच. मी वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागलो. चपला देवळाबाहेर होत्या.

त्या पावसाळ्यात शेवटचा माड गेला आणि पाणी काकांच्या खळ्यात आलं. मुलगी त्यांना कुडाळला न्यायला आली. गाडीत बसताना काका मला म्हणाले, “दर्याक सांग, मी कुडाळाक गेलंय. म्हणावं, घाई करू नको.” आवाज शेजारच्या घरापर्यंतसुद्धा गेला नाही.

त्याच संध्याकाळी वीज गेली. वरून पाहुणे ओरडू लागले. मी जनरेटरजवळ गेलो, किल्लीला हात लावला, आणि कोणी ऐकत नाही असं बघून म्हणालो, “व्हय म्हाराजा.”

मग किल्ली फिरवली.