आमच्या विकीचं शटर

माझी एक आवडती प्रोग्रामिंग भाषा आहे. ती वापरणारी जगातली सगळी माणसं एका मांडवात जेवायला बसतील आणि तरी वाढप्यांना फिरायला जागा उरेल. शिरूरमध्ये ती येणारी मी एकटीच. पोटापाण्याचं काम मी घरूनच करते, एका पुण्याच्या कंपनीसाठी, सगळे वापरतात त्या भाषेत. ही भाषा नुसती हौस. "हिचा उपयोग काय?" असं कुणी विचारलं की मला राग येतो, आणि मग मी तासभर उपयोग सांगत बसते.

या भाषेचा एक विकी आहे, म्हणजे कुणीही लिहावीत, कुणीही दुरुस्त करावीत अशी मदतीची पानं. कुणीही म्हणायचं, पण सहा वर्षं बहुतेक पानं दर शनिवारी सकाळी मीच लिहीत आले. त्यांच्या बाबतीत मी जरा खडूसच होते. ही भाषा वापरणाऱ्यांचा आमचा एक ऑनलाईन ग्रुप आहे. एकदा त्यातल्या एकाने माझ्या पानावरचं एक वाक्य बदललं. मी ते पाच मिनिटांत पूर्वीसारखं केलं आणि दोन आठवडे त्याच्याशी ग्रुपवर बोलले नाही.

गेल्या वर्षी, ज्यांच्या सर्व्हरवर हा विकी आहे त्या परदेशातल्या गृहस्थांनी ग्रुपवर लिहिलं, इथे बाहेरचं कुणी येत नाही, आपणच लिहितो आणि आपणच वाचतो, तेव्हा बंद करू या. माझं डोकंच फिरलं. तीन उत्तरं लिहिली, तिन्ही खोडली, आणि शेवटी मुकाट्याने तीन महिने मागितले. त्यांनी दिले, पण एका अटीवर. एक तरी अनोळखी माणूस, आमच्यापैकी कुणीही न सांगता, नुसता सर्च करून विकीवर यायला हवा. एकच माणूस. मला वाटलं, त्यात काय मोठं?

पहिला महिना मी वाया घालवला. पहिल्या पानावर भाषेचा इतिहास लिहिला, एक सुंदर चित्र लावलं, रंग बदलले. आलं कुणीच नाही.

माझे मामा शिक्रापूरला टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतात. एका रविवारी चर्चमधली उपासना आटोपून मी त्यांच्याकडे गेले. कारखान्यातला एक कामगार आला आणि म्हणाला, "चाचा, ब्रेक मारो तो बहुत चीं चीं करता है." मामांनी मान वर न करता मागच्या फळीवरचा एक डबा काढला. डब्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ब्रेक मारला की किंचाळते'. शेजारच्या डब्यांवर 'किक बसत नाही', 'चढाला दम लागतो', 'नुसता धूर'. हे डबे मी लहानपणापासून बघत होते आणि दर वेळी हसत होते. त्या दिवशी मी हसले नाही.

"मामा, डब्यावर पार्टचं नाव का नाही लिहिलं तुम्ही?"

"नाव मला म्हाईत हाय की," मामा म्हणाले. "गिऱ्हाईकाला न्हाई. त्याला फकस्त वाजतंय कसं त्येवढं म्हाईत असतंय. आन् मी नसलो म्हंजी तुझ्या मामीला बी त्येवढ्यावरच पार्ट घावला पायजे."

मी स्टुलावरून उठलेच. माझ्या पानांची शीर्षकं कशी होती, तर 'फाईल-व्यवस्थेची तत्त्वे', 'मूल्यांचे प्रवाह : एक परिचय'. विकी इंग्रजीत आहे, पण थाट हाच. ज्याला हे शब्द ठाऊक आहेत त्याला त्या पानाची गरजच नाही, आणि ज्याचं काम अडलंय तो बिचारा टाईप करणार, 'फाईल उघडत नाही'. इतकं साधं होतं, आणि मला सहा वर्षं सुचलं नव्हतं. आनंदाच्या भरात चहा तसाच टाकून मी शिरूरची एसटी पकडली.

पुढचा महिना मी अक्षरशः झपाटल्यासारखी होते. एकेका पानाला तक्रारीचं नाव दिलं. काही अडलं की कॉम्प्युटर एररचं जे वाक्य तोंडावर फेकतो ते जसंच्या तसं पानाच्या माथ्यावर टाकलं. ग्रुपवरच्या जुन्या मंडळींनी आधी नाकं मुरडली, मग एकेक जण आपापल्या जुन्या तक्रारी आठवून पाठवायला लागला. रोज सकाळी उठल्या उठल्या मी फोन बघायची, आज काय आलं म्हणून. इतकी मजा मला त्या विकीवर कधीच आली नव्हती.

पण अनोळखी माणूस काही आला नाही. दोन महिने उलटून आणखी दोन आठवडे गेले आणि मी तोंड पाडून पुन्हा मामांच्या दुकानात जाऊन बसले.

"पाट्या तर लई झ्याक केल्यास," मामा म्हणाले. "पर शटर वर हाय का ते बघितलंस का? मी एकदा सकाळीच मागच्या दारानं आत आलो, माल लावत बसलो. दीड तास झाला तरी गिऱ्हाईक न्हाई. मनात म्हणलं, आज समद्यांच्या गाड्या बऱ्या झाल्या का काय. बघतोय तर म्होरलं शटर खालीच."

मी हसले आणि हसता हसता थांबले. आम्ही सगळे विकीवर कसे जायचो? ग्रुपमधल्या लिंकवरून. म्हणजे मागच्याच दाराने. समोरून, सर्च करून, आमच्यापैकी कुणी कधी आलंच नव्हतं.

दुकानातच लॅपटॉप उघडला. प्रत्येक साईटवर एक छोटी फाईल असते. सर्च इंजिनने आत कुठे यायचं आणि कुठे नाही, ते तिच्यात लिहिलेलं असतं. आमच्या फाईलमध्ये एकच आज्ञा होती, कुणीही कुठेही येऊ नये. वर शेरा, 'तात्पुरतं'. आणि लिहिणाऱ्याचं नाव माझं. सहा वर्षांपूर्वी, पानं अर्धवट असताना ती कुणी बघू नयेत म्हणून मीच लिहिलं होतं आणि साफ विसरले होते.

लाजेने कान तापले, आणि त्याच वेळी आनंदाने उड्या माराव्यात असंही वाटलं. लोकांना आमची भाषा नको होती असं नव्हतंच मुळी. त्यांना आत येऊच दिलं नव्हतं. ती ओळ गुपचूप काढून टाकायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण ग्रुपवर सगळं कबूल केलं. सर्व्हरवाल्या गृहस्थांनी एकच ओळ लिहिली, "सर्व्हर माझा आहे, मीही पाहिलं नाही. पण तारीख तीच राहील."

हातात दोनच आठवडे होते. ओळ काढली, सर्च इंजिनला पानांची यादी धाडली, आणि सर्चमध्ये पानं वर चढावीत म्हणून सगळ्यांना आपापल्या साईटवर विकीची लिंक द्यायला लावली. आठवड्याभराने आमचं एक पान सर्चच्या चौथ्या पानावर दिसलं. मी घरभर नाचले. दोन दिवसांनी ते दुसऱ्यावर आलं. माणूस मात्र नाही.

शेवटचा दिवस रविवारचा होता, आणि त्याच दिवशी दौंडला मावसबहिणीच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. न्हावरा-चौफुला रस्त्याने मी आणि मामा एकाच गाडीतून गेलो. चर्च झालं, जेवायला बसलो, पानात पुलाव पडला आणि फोन थरथरला. विकीवर कुणीतरी बदल केला होता. नाव ओळखीचं नव्हतं.

पान होतं 'फाईल उघडत नाही आणि कारणही सांगत नाही'. बदलाखाली इंग्रजीत टीप होती. तिचा अर्थ असा, "एरर जशीच्या तशी सर्च केली, हे पान मिळालं. चौथी पायरी तिसरीच्या आधी हवी, तशी लावली आहे. माझं काम झालं. आभार."

मी हात तसाच पुलावात ठेवून पायऱ्या पुन्हा वाचल्या. त्याचं बरोबर होतं. सहा वर्षं माझी चूक तिथे उघड्यावर पडून होती. आमच्यापैकी कुणाला ती दिसली नाही, कारण आम्हाला सगळं पाठ होतं.

"काय झालं गं?" समोर बसलेल्या मामांनी विचारलं.

"मामा, कुणीतरी अनोळखी माणूस आला. आणि त्यानं माझी चूक काढली."

"मंग खरं गिऱ्हाईक हाय," मामा म्हणाले आणि वाढप्याला हाक मारून माझ्या पानात आणखी पुलाव घालायला लावला.

सर्व्हरवाल्या गृहस्थांनी ग्रुपवर त्या बदलाची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "विकी राहील." मी डाव्या हाताने ते पान पुन्हा उघडलं. माझी चौथी पायरी तिसरीच्या वर बसली होती. या वेळी मी ते पूर्वीसारखं केलं नाही.