कार्डाची मागची बाजू

दवाखान्यात सगळे तिला कार्डमावशी म्हणत. एकतीस वर्षं खिडकीशी बसून तिनं पेशंटांची कार्डं काढली आणि परत जागेवर लावली. हिरव्या लोखंडी कपाटाचे चोवीस खण. सातवा अडकायचा, गुडघ्यानं ढुशी दिली की मुकाट उघडायचा.

मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नेम घालून दिला होता. कार्डाच्या पुढच्या बाजूला रोग, तो ते शाईनं लिहिणार. मागच्या बाजूला माणूस, तो मावशीनं पेन्सिलीनं लिहायचा. ‘डाव्या कानानं ऐकू येत नाही.’ ‘सुईला घाबरतो, कबूल करत नाही.’ ‘नवऱ्यासमोर विचारू नये.’

“पेन्सिलीनं का?” तिनं विचारलं होतं.

“रोग झाला तो झाला. माणूस उद्या वेगळा असेल. खोडता यायला हवा.”

एका सुताराच्या कार्डामागचा ‘पितो’ हा शब्द तिनं त्याच्या देखत खोडला, तेव्हा तो खिडकीचा गज धरून बघत राहिला होता. “नीट खोडा मावशी, अजून दिसतंय.”

मोठे डॉक्टर वारले. त्यांची डॉक्टर झालेली मुलगी त्यांच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “आता सगळं कॉम्प्युटरवर घेऊ. तीन कंपन्यांची माणसं येतील. तुम्ही निवृत्त व्हायच्या आत तुम्हीच निवडा. पेशंट तुम्हालाच ठाऊक आहेत.”

चार महिने उरले होते. मावशीनं तिघांनाही एकच विचारलं, “लिहिलेलं खोडता येतं का?”

पहिला छाती फुगवून म्हणाला, “अजिबात नाही! एकदा सेव्ह केलं की कायमचं.”

दुसरा म्हणाला, “दुरुस्ती होते. पण आधी काय होतं, कुणी बदललं, किती वाजता, सगळं आत राहतं.”

मावशीच्या मनात आलं, म्हणजे सुतार जन्मभर पितच राहणार.

तिसरा जरा थकलेला होता. “नाही येत,” तो म्हणाला, “आणि येऊही नये. उद्या कुणी औषधच खोडलं तर? जे खोडायचंय, ते यात लिहूच नका.”

“मग कुठे लिहू?”

“ते मला काय ठाऊक, मावशी? मी कॉम्प्युटर विकतो.”

त्याचंच घेतलं.

पुढच्या बाजू महिनाभरात टाइप झाल्या. मागच्या बाजूंसाठी मावशी रोज दुपारी खण मांडीवर घेऊन नव्या डॉक्टरसमोर बसू लागली. एकांतात ती तिला अजून अगंतुगंच करायची. “ही ‘बरं आहे’ म्हणाली की समज, बरं नाही. हे आजोबा मुद्दाम शेवटी येतात, घाई करू नकोस.” डॉक्टरनं वही ओढली तशी मावशी खेकसली, “लिहायचं नाही. ऐक.”

“बाबांच्या एवढं लक्षात राहायचं?”

“छे! काही राहायचं नाही. कार्ड देताना मी कानात सांगायचे, तरी घोळ घालायचेच.”

डॉक्टर हसली. खणांतून जुन्या कागदाचा वास येत होता.

एका सकाळी आतून डॉक्टरचा आवाज आला, “सूनबाई कशा आहेत, आजी?”

मावशीनं कपाळावर हात मारला. सून त्या दुसऱ्या आजींची. ह्यांच्या मुलानं लग्नच केलं नव्हतं.

मग आजींचं हसणं ऐकू आलं. “अगदी बापासारखी चुकतेस गं.” खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज झाला आणि त्या मुलाचं सांगू लागल्या, हळूहळू, अगदी पहिल्यापासून.

मावशीनं पुढच्या पेशंटला हातानंच थांब म्हटलं.